माणूस कुणाच्या ताब्यात आहे?

जानेवारी १९६०. शिकागोच्या पोलीस मुख्यालयात एक वकील या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. आपला बावीस वर्षांचा अशील आत आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खाली विचारलं, वर जाऊन विचारलं, खुनाच्या तपास विभागाच्या प्रमुखापुढे कायद्याचं कलम ठेवलं. प्रत्येकाचं उत्तर तेच: चौकशी संपल्याशिवाय भेट नाही. मध्येच एकदा अर्धवट उघड्या दारातून दोघांची नजरानजर झाली. वकिलाने हात हलवला आणि दार लागलं. आतल्या तरुणाने पुढे कोर्टात सांगितलं, की तुझ्या वकिलाला तुला भेटायचंच नाही, असं पोलीस मला सांगत होते.

हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६४मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी त्या तरुणाची शिक्षा रद्द झाली. ‘एस्कोबेडो विरुद्ध इलिनॉय’ हे त्या खटल्याचं नाव. दोन वर्षांनी आलेल्या प्रसिद्ध ‘मिरांडा’ निकालाची पूर्वतयारी म्हणून कायद्याचे विद्यार्थी तो वाचतात. आपल्या कामाचा त्यातला एक बारीकसा तपशील आहे, तो असा की वकिलाला निदान इमारत ठाऊक होती. कोणत्या दारावर जाऊन भांडायचं, हे त्याला कळत होतं. ज्या घरच्यांना एवढंही ठाऊक नसतं, ते काय करतात?

अमेरिकेत कुणालाही अटक झाली की तिची नोंद सार्वजनिक होते, हे आपण चित्रपटांतून आणि बातम्यांतून ऐकलेलं असतं. आरोपीचा तो समोरून आणि बाजूने काढलेला फोटो, हातात पाटी. पाहणाऱ्याला वाटतं, ही गुन्हेगाराची जाहीर बदनामी करण्याची सरकारी सोय असावी. व्यवहारात ती तशी झाली आहे, यात शंका नाही. पण नोंद उघडी ठेवण्यामागचं कारण नेमकं उलटं आहे. ती पावती आहे. सरकारने एक जिवंत माणूस उचलून नेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणाहून, अमुक कारणासाठी, आणि आता तो आमच्याकडे आहे, असं सरकारने लिहून दिलेलं असतं. पावती मिळाली की माणूस परत मागता येतो. पावतीच नसेल तर मागायचं कुणाकडे?

ही भीती हवेतली नाही. १९३१ साली अध्यक्ष हूवर यांनी नेमलेल्या विकरशॅम आयोगाने पोलिसांच्याच बेकायदा वागणुकीवर एक जाडजूड अहवाल दिला. वकिलाला आणि नातेवाइकांना थांगपत्ता लागू नये म्हणून पकडलेल्या माणसाची कुठे नोंदच न करणं, त्याला एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात हलवत राहणं, अशा पद्धती त्यात नोंदल्या गेल्या. शिकागोचा उल्लेख त्यात एका वेगळ्याच हत्यारासाठी आला: टेलिफोन डिरेक्टरी. या शहराची डिरेक्टरी चांगली जाड होती आणि ती डोक्यात हाणली की माणूस भोवंडून जाई, पण अंगावर वळ उठत नसे. साऱ्या शहराची नावं-पत्ते ज्यात उघड छापलेले, त्याच पुस्तकाने नाव दडवलेल्या माणसाला मारायचं. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिलं असतं, तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं.

पुढची गोष्ट त्याहून गंभीर आहे आणि पावतीचं मोल तिच्यातच सगळ्यात स्पष्ट दिसतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९१पर्यंत शिकागो पोलिसांतला अधिकारी जॉन बर्ज आणि त्याच्या हाताखालच्या मंडळींनी शंभराहून अधिक लोकांचा छळ केला. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय होते. विजेचे झटके, तोंडावर प्लास्टिकची पिशवी, तापलेल्या रेडिएटरला चिकटवून ठेवणं. फेब्रुवारी १९८२मध्ये दोन पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली पकडलेला एक माणूस पोलिसांच्या हातून काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, तुरुंगात आला. तुरुंग हे पोलिसांचं खातं नव्हे. ते काउंटीच्या शेरीफच्या अखत्यारीत. तिथे आत घेताना प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते. तुरुंगाचे वैद्यकीय संचालक डॉ. जॉन राबा यांनी त्या माणसाच्या अंगावरच्या जखमा आणि भाजल्याच्या खुणा पाहिल्या आणि थेट पोलीस प्रमुखांना पत्र लिहून चौकशीची मागणी केली. प्रमुखांनी ते पत्र सरकारी वकिलांकडे पाठवलं. त्या वेळी काही झालं नाही. पण कागद राहिला. एका खात्याने माणूस दुसऱ्या खात्याच्या स्वाधीन केला, तेव्हा घेणाऱ्याने तो कोणत्या अवस्थेत मिळाला हे लिहून ठेवलं, म्हणून पुढे कित्येक वर्षं लढता आलं. बर्जला १९९३मध्ये नोकरीवरून काढलं आणि २०१०मध्ये शपथेवर खोटं बोलणं आणि न्यायात अडथळा आणणं या गुन्ह्यांत तो दोषी ठरला. छळाच्या गुन्ह्यांची मुदत तोवर टळून गेली होती. २०१५ साली शिकागो महापालिकेने पीडितांसाठी ५५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली.

त्याच २०१५ साली ‘द गार्डियन’ने शहराच्या पश्चिम भागातल्या होमन स्क्वेअर नावाच्या पोलीस आवाराची बातमी दिली. पूर्वी सिअर्स कंपनीचं मोठं संकुल होतं, त्यातल्या एका इमारतीत पोलिसांची विशेष पथकं बसत. पकडलेल्यांना तिथे ठेवलं जातं, पण ते तिथे आहेत हे कुठल्याच नोंदीत दिसत नाही, वकील शोधत फिरतात, असा आरोप होता. पोलिसांनी तो फेटाळला. वर्तमानपत्राने माहितीच्या कायद्याखाली खटला भरून पोलिसांचेच कागद मिळवले. त्यावरून एका दशकात ७ हजारांहून अधिक लोक तिथे ठेवले गेल्याचं दिसलं; त्यांतल्या ज्यांना वकील भेटल्याची नोंद होती, ते शंभरही भरत नव्हते.

तेव्हा शिकागो ज्या राज्यात आहे, त्या इलिनॉयचा कायदा याबाबत काय मागतो, हे पाहण्यासारखं आहे. राज्याच्या माहितीच्या कायद्यानुसार अटकेनंतर जास्तीत जास्त ७२ तासांत काही गोष्टी मागणाऱ्याला द्याव्याच लागतात. पकडलेल्याचं नाव, वय, पत्ता, फोटो असल्यास फोटो. आरोप कोणता. अटक कधी आणि कुठे झाली. कोणत्या खात्याने केली. आणि तुरुंगात ठेवलं असेल, तर आत घेतल्याची, सोडल्याची किंवा दुसरीकडे हलवल्याची तारीख आणि वेळ. तपासाला बाध येत असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा तुरुंगाची सुरक्षा बिघडत असेल, तर काही तपशील रोखता येतो. ही यादी पुन्हा एकदा वाचावी. ‘तो दोषी आहे का’ हे तिच्यात नाही. त्याने काय कबूल केलं, पोलिसांना काय वाटतं, पूर्वी तो कसा वागला, यातलं काही नाही. कुठे, कधी, कुणी, कशासाठी, आणि आता कुठे: एवढंच.

आता प्रत्यक्ष शोधाकडे. समजा, पुण्यात सकाळचे नऊ वाजलेत आणि शिकागोतल्या भाच्याच्या खोलीतला मित्र फोनवर सांगतोय की त्याला पोलीस घेऊन गेले. हिवाळा असेल तर तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेत. मामा लगेच संगणकावर बसतात आणि शिकागोच्या तुरुंगातल्या लोकांची यादी उघडतात. नाव टाकतात. काहीच येत नाही. घरात दोन तट पडतात: एक म्हणतो सुटला, दुसरा म्हणतो दडवला. बहुतेक वेळा दोन्ही चूक. तो अजून तुरुंगात पोहोचलेलाच नसतो.

शिकागोत २२ पोलीस डिस्ट्रिक्ट आहेत. अटक झाली की माणूस आधी ठाण्याच्या लॉकअपमध्ये जातो. तिथे बोटांचे ठसे, फोटो, आणि त्या अटकेपुरता एक क्रमांक. त्याला ‘सीबी नंबर’ म्हणतात, सेंट्रल बुकिंगचा. हा क्रमांक दर अटकेला नवा. त्याच माणसाला ठशांवरून आणखी एक कायमचा क्रमांक मिळतो, तो ‘आयआर नंबर’. आणि घटनेच्या अहवालाचा आणखी एक वेगळा, ‘आरडी नंबर’. फोनवर कुणी ‘नंबर काय?’ म्हणून विचारलं, तर कोणता नंबर, हे आधी विचारून घ्यावं. तिन्हींची सरमिसळ करून लोक तासन्‌तास वाया घालवतात. या टप्प्यावर उपयोगी पडते ती पोलिसांकडची अटकेची नोंद आणि ज्या भागात अटक झाली तिथल्या ठाण्याचा फोन. प्रौढांच्या अटका नावावरून किंवा सीबी नंबरवरून शोधण्याची सोय शिकागो पोलिसांनी लोकांसाठी केलेली आहे, पण ताजी अटक तिच्यात लगेच उमटेलच असं धरून चालू नये. माणसाकडून मिळणारं उत्तर यंत्रापेक्षा लवकर मिळतं, हे या कामात अजूनही खरं आहे. शिवाय पहिल्या ठिकाणी नेल्यापासून तीन तासांच्या आत घरच्यांशी आणि वकिलाशी बोलायला फोन मिळाला पाहिजे, असा इलिनॉयचा आताचा कायदा आहे. दुसऱ्या ठिकाणी हलवलं की तो हक्क पुन्हा नव्याने लागू होतो. म्हणून मामांनी आपला फोन अडवून ठेवू नये.

किरकोळ प्रकरण असेल तर ठाण्यातूनच कोर्टाची तारीख देऊन सोडतात. नाहीतर न्यायाधीशापुढे उभं करतात. न्यायाधीशाने ‘आत ठेवा’ म्हटलं, की मग तो शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीच्या तुरुंगात जातो. २६वा रस्ता आणि कॅलिफोर्निया अ‍ॅव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर फौजदारी कोर्ट आणि शेजारी ९६ एकरांवर पसरलेला हा तुरुंग आहे. शिकागोत ‘ट्वेंटी-सिक्स्थ अँड कॅल’ एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. एकेकाळी इथे दहा हजारांच्या आसपास माणसं असत. आता ती संख्या खूप खाली आली आहे. यातले बहुतेक सगळे कच्चे कैदी. शिक्षा झालेले, तेही दीर्घ मुदतीचे, इथे राहत नाहीत. ते राज्याच्या वेगळ्या तुरुंगांत जातात आणि त्यांची यादीही राज्याची वेगळी. काउंटीची यादी शेरीफचं कार्यालय चालवतं. नाव टाकलं की बुकिंगची तारीख, इमारत, आरोप, कोर्टाची पुढची तारीख असा मजकूर मिळतो.

इथे मराठी नावांची एक खास गंमत होते. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिपेडी नाव पासपोर्टवर एका पद्धतीने, व्हिसावर दुसऱ्या पद्धतीने आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर तिसऱ्याच पद्धतीने छापलेलं असतं. रात्रपाळीच्या पोलिसाने त्यातलं जे शेवटी दिसलं ते आडनाव म्हणून टाइप केलं, तर तो पोरगा वडिलांच्या नावाखाली सापडेल. कुळकर्णी आणि कुलकर्णी, चौधरीची चार स्पेलिंगं, ‘डब्ल्यू’ आणि ‘व्ही’ यांचा घोळ. सगळे प्रकार करून पाहावेत, आडनावाची पहिली तीन-चार अक्षरंच टाकून पाहावीत. जन्मतारखेचं त्याहून वाईट. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ७ एप्रिलला जन्मलेला मुलगा घरच्यांनी घाईत आपल्या पद्धतीने सांगितला, की तिकडे तो ४ जुलैचा होतो, आणि समोरचा प्रामाणिकपणे सांगतो की असा कुणी आमच्याकडे नाही.

नाव, तारीख सगळं बरोबर असूनही माणूस सापडत नाही, तेव्हा प्रश्न बदलावा लागतो. तो कुठे आहे, याआधी पकडलं कुणी? शहराच्या मध्यवस्तीत, गजबजलेल्या ऑफिसांच्या मध्ये, एक तिकोनी उंच इमारत आहे. फटींसारख्या अरुंद खिडक्या, पाचेक इंच रुंदीच्या. नवख्याला ती एखादी बँक वाटावी. हॅरी वीझ या वास्तुरचनाकाराने आखलेला, १९७५मध्ये सुरू झालेला हा केंद्र सरकारचा २८ मजली तुरुंग. (२०१२च्या डिसेंबरात दोन कैदी इथून चादरींचा दोर करून पंधराहून अधिक मजले खाली उतरून पळाले होते, दोघेही पुढे सापडले.) एफबीआयने किंवा दुसऱ्या केंद्रीय खात्याने पकडलेला माणूस इथे असू शकतो, आणि शेरीफच्या यादीत त्याचं नाव शोधून उपयोग नाही. केंद्रीय तुरुंग खात्याची स्वतःची शोधयादी आहे, तिच्यात १९८२पासूनची नावं मिळतात. शहर एक, पण ताज्या अटकेत ताबा घेणारी सरकारं तीन, आणि प्रत्येकाची वही वेगळी.

इमिग्रेशनवाल्यांची वही चौथी. तिथे नाव किंवा त्यांनी दिलेला ‘ए नंबर’ लागतो, आणि दोन्ही वेळा त्याबरोबर जन्मदेशही. इलिनॉयने २०२१मध्ये कायदा करून आपल्या काउंट्यांना इमिग्रेशन खात्यासाठी भाड्याने तुरुंग चालवायला बंदी केली. हेतू चांगला होता. परिणाम असा, की शिकागोत पकडलेला माणूस शेजारच्या राज्यातल्या कुठल्यातरी तुरुंगात निघतो आणि त्याचा वकील शिकागोत राहतो. अठरा वर्षांखालच्या मुलांची नोंद मात्र कोणत्याच सार्वजनिक यादीत मिळत नाही, आणि मिळू नयेच; तिथे आई-वडिलांनी स्वतः ठाण्याशी किंवा बाल न्यायालयाशी बोलावं लागतं.

परदेशी नागरिकासाठी आणखी एक दार आहे. १९६३च्या व्हिएन्ना करारानुसार पकडलेल्या परदेशी माणसाला, तुझ्या देशाच्या वकिलातीला कळवायचं का, असं विचारावं लागतं. भारतीयाच्या बाबतीत त्याने ‘हो’ म्हटलं तरच कळवतात, आपोआप नाही. शिकागोत भारताचं कॉन्सुलेट आहे. घरच्यांनी तिथे स्वतः फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही.

नोंद सापडली. आता ती वाचायची कशी? पडद्यावर ‘चार्ज’ म्हणून जे दिसतं, ते आरोपाचं नाव. पुढे सरकारी वकील तो बदलू शकतो, कमी करू शकतो, सोडून देऊ शकतो. मूळ अटकेची नोंद मात्र आपोआप त्याप्रमाणे सुधारत नाही. म्हणून अटकेनंतर काय झालं, हे पाहायला कोर्टाच्या क्लार्ककडे जावं लागतं, आणि तिथे कुक काउंटीची स्वतःची एक बोली आहे. निकालाच्या रकान्यात ‘एसओएल’ ही तीन अक्षरं दिसतात. सरकारी पक्ष तूर्त खटला पुढे नेत नाही, पण पुन्हा उभा करण्याची मुभा राखून ठेवतो, असा त्याचा अर्थ. माणूस घरी जातो, बहुतेकदा कायमचाच. पण बाहेरगावचा वाचणारा त्या तीन अक्षरांवर अडखळतो आणि ‘काहीतरी भानगड आहे’ एवढंच मनात ठेवून पुढे जातो.

बोटांच्या ठशांबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. पकडलेल्या माणसाची अंगमोजणी करून ओळख ठरवण्याची पॅरिसच्या बर्टियाँची पद्धत अमेरिकेत पहिल्यांदा आली ती १८८७मध्ये, शिकागोजवळच्या जोलिएट तुरुंगात. तिथला वॉर्डन मॅक्लॉग्री पुढे शिकागोचा पोलीस प्रमुख झाला. मोजपट्टी मागे पडून ठसे आले, ते कोलकात्याहून लंडनमार्गे. ठशांची वर्गवारी करण्याची जी रीत हेन्री या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेली, तिच्यामागचं बरंचसं डोकं बंगाल पोलिसांतल्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं होतं. आणि ठशांच्या पुराव्यावर झालेली शिक्षा अमेरिकेत वरिष्ठ न्यायालयाने पहिल्यांदा उचलून धरली ती १९११मध्ये, शिकागोच्याच एका खुनाच्या खटल्यात. आज ‘ट्वेंटी-सिक्स्थ अँड कॅल’ला जे क्रमांक फिरतात, त्यांच्या मुळाशी ही सगळी वंशावळ आहे.

आता काळी बाजू. पावती ठाण्याच्या टेबलावर असेपर्यंत ती बघायला कुणीतरी चालत जावं लागे. ज्याला खरंच गरज, तोच जाई. संगणक आले आणि ती मेहनत संपली. हा बदल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फार लवकर, १९८९मध्येच ओळखला होता. एफबीआयकडे तेव्हा २ कोटी ४० लाखांहून अधिक लोकांच्या गुन्हेनोंदी एकत्र झालेल्या होत्या. एका वार्ताहराने त्यातल्या एका माणसाची नोंद मागितली. न्यायालय म्हणालं, नाही. गावोगावच्या कोर्टांत विखुरलेले कागद प्रत्येकी सार्वजनिक असले, तरी ते सगळे एका ठिकाणी गोळा करून हातात देणं ही वेगळीच गोष्ट आहे. विखुरलेपणातही माणसाला एक आडोसा असतो. निकाल लिहिला न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी, आणि स्टीव्हन्स हे शिकागोचे.

त्यांचे वडील शहरातल्या स्टीव्हन्स हॉटेलचे मालक. १९२७मध्ये उघडलेलं हे हॉटेल तेव्हा जगातलं सर्वांत मोठं मानलं जाई. खोल्या तीन हजार. मंदीत ते बुडायला लागलं, तेव्हा कुटुंबाच्याच विमा कंपनीतले पैसे हॉटेलला कर्जाऊ दिले गेले. १९३३मध्ये वडील, आजोबा, काका तिघांवर अपहाराचा आरोप आला. आजोबांना पक्षाघाताचा झटका आला, काकांनी आत्महत्या केली. वडील एकटे खटल्याला उभे राहिले आणि दोषी ठरले. पुढच्या वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने अपहाराचा पुरावाच नाही म्हणत शिक्षा रद्द केली. जॉन तेव्हा चौदा वर्षांचा होता. निकालपत्रात यातलं काही येत नाही, येण्याचं कारणही नाही. पण अटकेची बातमी पहिल्या पानावर आणि सुटकेची आत कुठेतरी, याचा हिशेब त्या घराला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तो निकाल केंद्राच्या माहिती कायद्यापुरता होता. राज्यं आणि काउंट्या आपापल्या वाटेने गेल्या. २०१०च्या सुमारास एक धंदाच उभा राहिला: शेरीफच्या संकेतस्थळांवरून आरोपींचे फोटो यंत्राने गोळा करायचे, आपल्या पानावर टांगायचे, आणि काढून टाकण्याचे पैसे मागायचे. नाव शोधलं की सगळ्यात आधी तो फोटो. आरोप खोटा ठरला असला तरी फोटो तसाच. याला खंडणी म्हणायचं नाही तर काय? जॉर्जिया, कॅलिफोर्निया, इलिनॉय अशा अनेक राज्यांनी पैसे घेऊन नोंद काढण्यावर बंदी आणली. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी २०२०मध्ये, सार्वजनिक सुरक्षेसाठी गरज नसेल तर आरोपींचे फोटो देणंच थांबवलं, आणि अनेक वर्तमानपत्रांनीही आपले फोटोंचे रकाने बंद केले. इलिनॉयमध्ये नुसत्या अटकेच्या नोंदीवरून नोकरी नाकारणं बेकायदा आहे. परदेशी विद्यार्थ्याला मात्र या संरक्षणाचा अर्धाच उपयोग. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरूनही अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, खटल्याचा निकाल काहीही लागो.

उघड्या नोंदीचा दुसरा गैरफायदा फोनवरून घेतला जातो. ठग लोक रोजच्या अटकांची यादी वाचतात, नातेवाइकांचा नंबर शोधतात आणि सांगतात: तुमचा मुलगा आत आहे, जामिनाचे पैसे आत्ता पाठवा, गिफ्ट कार्डाने चालेल. नाव खरं, आरोप खरा, म्हणून माणूस फसतो. शिकागोपुरतं याला एक सोपं उत्तर आहे. १८ सप्टेंबर २०२३पासून इलिनॉयने रोख जामीन पूर्णपणे बंद केला. असं करणारं ते पहिलं राज्य. न्यायाधीश एकतर अटी घालून सोडतो किंवा आत ठेवतो. राज्याच्या कोर्टातल्या प्रकरणासाठी कुणी जामिनाची रक्कम मागत असेल, तर तो चोर आहे, एवढ्यावर फोन ठेवून द्यावा.

आपल्याकडची स्थिती थोडक्यात. १९९६च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, जिल्हा नियंत्रण कक्षातला फलक हे सगळं बंधनकारक केलं. आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७प्रमाणे, अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप यांची माहिती ठेवणारा अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात नेमलेला हवा, आणि ती माहिती ठाण्यात नि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल स्वरूपातही लावलेली हवी. त्याआधी २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं, संवेदनशील गुन्हे वगळून. म्हणजे आपल्या कायद्यालाही पावतीची कल्पना नीट कळलेली आहे. फलकासमोर उभं राहून तो वाचणारी माणसं किती, हा प्रश्न वेगळा. मला तरी ठाण्यात गेलेला मराठी माणूस भिंतीकडे न बघता टेबलामागच्या हवालदाराच्या चेहऱ्याकडेच बघताना दिसतो.

राहता राहिला तो, ज्याची ही नोंद आहे तो माणूस. इलिनॉयमध्ये सुटलेल्या, निर्दोष ठरलेल्या किंवा खटलाच न चाललेल्या माणसाला जुनी नोंद नष्ट करण्यासाठी किंवा बंद पाकिटात टाकण्यासाठी कोर्टाकडे अर्ज करता येतो. सरकारी नोंद त्याने पुसली किंवा झाकली जाते. खासगी कंपन्यांनी आधीच उतरवून घेतलेल्या प्रती मात्र एकेकीला पत्र लिहून हटवून घ्याव्या लागतात. शिवाय कोर्टाकडच्या अर्जात कोणत्या अटका आहेत, हे तारीखवार लिहावं लागतं, आणि ते बहुतेकांना आठवत नाही. त्यासाठी साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरच्या पोलीस मुख्यालयात जाऊन स्वतःच्या नोंदीची प्रत मागायची. शेजाऱ्याच्या अटकेबद्दल विचारायला नुसतं नाव पुरतं; स्वतःची पूर्ण नोंद हवी असेल, तर तिथल्या कर्मचाऱ्यासमोर दहाही बोटं पुन्हा एकदा उमटवावी लागतात.